गटात नियम सगळ्यांना सारखा, मग हायस्कूलमध्ये का नाही?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, नोंदी झाल्या, पण एक ताई गप्पच बसून होत्या. विचारलं तर डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मुलगी नववीत आहे. एसटी उशिरा आली म्हणून तिला तिसऱ्यांदा शाळेत उशीर झाला. तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि सांगितलं, "उद्या पालकांना घेऊन ये, नाहीतर येऊच नको." त्याच दिवशी गावातल्या एका वजनदार घरातला मुलगाही उशिरा आला. त्याचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. त्याला मात्र "जा, बस" एवढंच.

मुलगी पाच दिवस घरीच बसली. घरात लगेच स्थळाचा विषय निघाला.

ताई म्हणाल्या, "शिस्त नको असं मी म्हणत नाही. पण दोघांना दोन नियम कसे?"

याचं उत्तर आपल्या गटातच आहे. बैठकीला उशीर झाला तर आपल्याकडे दंड असतो. तो किती, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आणि लिहिलेलं असतं. अध्यक्षांना उशीर झाला तरी दंड तोच. कुणी बाळंतीण असेल, घरात आजारपण असेल, तर आपण दंड माफही करतो. पण सगळ्यांसमोर, कारण लिहून. म्हणून कुणाच्या मनात अढी राहत नाही.

शाळेकडेही आपण हेच मागायचं:

१. नियम लिहिलेले असावेत आणि वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांना, पालकांना सांगितलेले असावेत.
२. चूक सारखी तर परिणामही सारखा. मूल कुणाचं, कुठल्या वस्तीतलं, मुलगा की मुलगी, हे बघायचं नाही.
३. आधी मुलाचं ऐकून घ्यावं. एसटी चुकणं आणि मुद्दाम रेंगाळणं एक नाही. सूट द्यायची तर कारण लिहून, आणि तसं कारण असेल त्या प्रत्येकाला.
४. शिक्षेमुळे शिकणं तुटू नये. उशिरा आलेल्या मुलीला घरी पाठवलं तर तिचा अभ्यास आणखी मागे पडतो.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ नुसार मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. पण नववी-दहावीच्या मुलांना वाली नाही असं समजू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १८ वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे, आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला क्रूरपणे वागवणं हा त्यात गुन्हा आहे.

बोलायचं कुठे? आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. जाताना एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी जा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल आणि आठवीपर्यंतचे वर्ग असतील, तर शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पाऊण भाग पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिथे विषय मांडा. तरी दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे अर्ज करा. मारहाण किंवा छळ असेल तर १०९८ हा मुलांचा हेल्पलाइन नंबर आहे, फोन फुकट लागतो.

त्या ताईंबरोबर गटातल्या दोघी शाळेत गेल्या. भांडल्या नाहीत. एसटीची वेळ कागदावर लिहून नेली आणि एवढंच विचारलं, "सर, उशिराचा नियम काय आहे, आम्हाला दाखवता का?" लिहिलेला नियम नव्हताच. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, मुलीला दुसऱ्या दिवसापासून बसू दिलं. नियम फलकावर लावतो म्हणालेत. अजून लागलेला नाही, आम्ही पुन्हा विचारणार आहोत. स्थळाचा विषय मात्र ताईंनी बंद केलाय.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा एक विषय घ्या. आपल्या हायस्कूलचे नियम कुणी वाचलेत, एवढं विचारा. कुणीच हात वर केला नाही, तर सुरुवात तिथूनच करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक