शिवारफेरी : बालवर्गातील मुले व त्यांचे पालक

शाळेची सहल म्हटली की वरच्या इयत्तांतील मुले, भाड्याची गाडी, एखादा किल्ला अथवा धरण आणि सायंकाळी दमून परतणारी मंडळी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अशा सहलीचे महत्त्व आहेच. परंतु तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलाच्या पदरात तिच्यातून फारसे काही पडत नाही. किल्ल्याचा तट त्याला घरच्या गडग्याहून निराळा वाटत नाही. वाटेत दिसलेले गाढव तेवढे त्याच्या पक्के स्मरणात राहते. या वयाच्या मुलांकरिता फेरी काढावयाची ती गावच्या शिवारातच काढावी, ती अर्ध्या-पाऊण मैलापलीकडे नेऊ नये, आणि मुख्य म्हणजे मुलांच्या आईवडिलांना किंवा आजीआजोबांना बरोबर घेतल्याशिवाय काढू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला असून अंगणवाडी, बालवाडी आणि पहिली-दुसरीचे वर्ग एकाच साखळीत गुंफले आहेत. तेव्हा अंगणवाडी सेविका व पहिलीचे शिक्षक यांनी मिळून ही फेरी काढणे सर्वांत सोयीचे.

या विचारास महाराष्ट्रात जुनी व भक्कम पूर्वपीठिका आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. हे गाव त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. झोपडीपुढच्या अंगणात मुले जमवून वर्ग भरू लागला आणि त्यास अंगणवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते, म्हणून कुरणातच शाळा भरविण्यात आली. तिला कुरणशाळा म्हणत. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे व पाने आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी हे कार्य दीर्घकाळ चालविले. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. नाव पोहोचले खरे; अंगणातील वडील माणसे मात्र पुष्कळ ठिकाणी दाराबाहेरच राहिली.

ती बाहेर का राहिली याचा विचार केल्यास फेरीचे मर्म ध्यानी येईल. फारसे न शिकलेली आई शाळेत येते तेव्हा उंबऱ्याशी उभी राहते. कागद पुढे केला की ती संकोचते, विचारलेल्या प्रश्नास ‘तुम्हांलाच ठावं गुरुजी’ असे उत्तर देते. मूल हे पाहत असते. जे पुस्तकात आहे ते ज्ञान आणि जे आपल्या घरी आहे ते अज्ञान, असा निष्कर्ष ते कोणी न सांगता काढून मोकळे होते. शिवारात मात्र हा क्रम नेमका उलटा होतो. बांधावरची कोवळी भाजी कोणती व कडवट कोणती, कोणत्या झाडाच्या सालीचा दोर होतो, मुंग्यांनी अंडी वर नेली म्हणजे घरातील माणसे काय म्हणतात, हे तिला सांगता येते. आणि गुरुजी बहुधा दुसऱ्या तालुक्यातले असल्याने त्यांना ते ठाऊक नसते. अशा वेळी शिक्षकाने ठाऊक असल्याचा आव आणू नये. त्याने विचारावे, उत्तर मन लावून ऐकावे आणि मुलांदेखत वहीत टिपून घ्यावे. आपल्या आईने सांगितलेले गुरुजी लिहून घेत आहेत, हे दृश्य ज्या मुलाने पाहिले त्याला घर आणि शाळा यांच्यामध्ये उभी असलेली भिंत पुष्कळ ठेंगणी वाटू लागते. पालकांना फेरीस बोलवावयाचे ते एवढ्यासाठी. मुलांवर पाळत ठेवणे हे त्यांचे काम दुय्यम होय.

नावांच्या बाबतीत शिक्षकांनी विशेष सावध असावे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात त्यालाच विदर्भात तरोटा म्हणतात. आजीने सांगितलेले नाव पुस्तकातील नावाहून निराळे असले म्हणून ते चूक ठरवू नये. दोन्ही नावे सांगावीत, घरचे नाव आधी सांगावे.

फेरीचा दिवस पालकांच्या सोयीने ठरवावा. रोजगार बुडवून कोणी येणार नाही, आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. देशावर अनेक गावांत अमावास्येस औत धरीत नाहीत. काही ठिकाणी सोमवार पाळतात, काही ठिकाणी बाजाराच्या दिवशी शेतकामास सुटी असते. गावची रीत पाहून दिवस नेमावा. सकाळी लवकर निघून दोन-अडीच तासांत परतावे. निमंत्रणाची चिठ्ठी धाडण्यापेक्षा आदल्या दिवशी मुलांना घरी पोहोचविताना दारात उभे राहून तोंडी बोलावणे अधिक फलदायी ठरते.

काय पाहावे, याची यादी करून निघू नये. ऋतूच ते ठरवितो. शाळा उघडतात त्या सुमारास पहिल्या पावसानंतर मखमलीसारखा तांबडा मृगाचा किडा जमिनीवर फिरताना दिसतो. तो हातावर घेऊन त्याचे पाय मोजण्यात पहिलीच्या मुलांचा अर्धा तास सहज जातो. (आठ पाय आहेत असे कळल्यावर तो कोळ्याच्या गोतातला, हे सांगता येते.) श्रावण-भाद्रपदात तेरडा फुललेला असतो. कोकणात पुष्कळ घरी तेरड्याचीच गौर आणतात, त्यामुळे त्याची ओळख घरच्या स्त्रियांनीच करून द्यावी. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत असली तर तेथे थांबावे, मात्र विहिरीपासून दूर. अर्धवट विणलेले घरटे दिसल्यास मुलांना सांगावे की ही वीण नराची आहे. घरटे अर्धे झाले की मादी येऊन ते पाहते आणि तिला पसंत पडले तरच ते पुरे होते. हे ऐकून आईबापांतही हशा पिकतो आणि मग जो तो आपल्या पाहण्यातील गोष्ट सांगू लागतो. फेरी खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते. गावाला देवराई असल्यास तिच्या कडेने जावे. तेथील वाळकी काटकीदेखील का उचलीत नाहीत, हे गावातील वृद्धाकडून ऐकावे, आणि त्या दिवशी मुलांच्या हातांतही काही येऊ देऊ नये.

फेरीचा दुसरा भाग बसून करावयाचा असतो. सावलीत गोलाकार बसून न्याहारी झाली की हस्तकलेला आरंभ करावा. त्यासाठी साहित्य विकत आणण्याचे कारण नाही. गेरू, कोळसा, तांदळाचे पीठ, हळद व चुना एवढे घरातून आणावे. हळदीत चिमूटभर चुना कालविताच पिवळ्याचा तांबडा रंग होतो. हे मुलांच्या हातांनीच व्हावे, पण चुन्याची निवळी आधी मोठ्या माणसाने करून घ्यावी व ती डोळ्यांत जाणार नाही अशी दक्षता घ्यावी. पारिजातकाच्या देठांपासून केशरी रंग निघतो. फाल्गुनातील फेरीत पळसाची फुले मिळतात. वेळूच्या काडीचे टोक चावून अथवा ठेचून त्याचा कुंचला करता येतो. वारली घरांत लग्नाचा चौक लिहिताना सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने अशाच काडीने चित्र काढीत आल्या आहेत. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांतून माणूस, झाड व देवीचे स्थान उभे राहते. याच परंपरेतील डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, चित्रकला ही शहरातून पेटीत बंद होऊन येते असा समज पालकांतही रुजलेला आहे. जेथे वारली चित्रे नाहीत तेथे ठिपक्यांची रांगोळी आहे, गोधडीवरचे टाके आहेत, पोळ्याचे किंवा बेंदराचे मातीचे बैल आहेत.

मातीकामाविषयी दोन शब्द. काळ्या मातीचे बैल वाळताना तडकतात आणि मुले हिरमुसली होतात. ओढ्याकाठची चिकण माती किंवा कुंभाराकडील मळलेली माती घ्यावी, फार चिकट असल्यास तीत थोडी चाळलेली राख मिसळावी. या कामात अडचण येते ती मुलांची नव्हे, पालकांची. मुलाने केलेला बैल ओबडधोबड दिसताच वडील तो हातातून काढून घेतात, सुरेख शिंगे करतात, वशिंड काढतात, आणि मूल शेजारी बसून पाहत राहते. वडिलांना हौस असल्यास त्यांना निराळा गोळा द्यावा. मुलाचा बैल तीन पायांचा झाला तरी तो त्याचाच राहू द्यावा. त्याचप्रमाणे फळ्यावरील चित्रासारखे चित्र काढण्यास सांगू नये, क्रमांक लावू नयेत व बक्षिसे ठेवू नयेत. या वयात बक्षीस एका मुलास आनंद देते आणि वीस मुलांना रडविते.

सुरक्षिततेचे नियम थोडेच पण कडक असावेत. वाटेत दिसलेली कोणतीही बी, फळ वा पान तोंडात घालावयाचे नाही. चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या, बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याचे प्रसंग राज्यात वारंवार घडलेले आहेत. गुंज, धोतरा व कण्हेर ही विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांस घातक आणि बिब्ब्याचे तेल कातडीस जाळणारे असते. ही झाडे मुलांना दुरून नावानिशी दाखवावीत. लपवून ठेवण्यात शहाणपण नाही. करवंदे मोठ्यांनी तोडून दिली तरच, तीही बसल्यावर खावीत. गवतातून जाताना काठी घेतलेला माणूस पुढे असावा. मधमाश्यांच्या पोळ्याखाली थांबू नये. आभाळ गडगडू लागताच एकाकी झाडाचा आसरा न घेता घर गाठावे. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ दवडू नये; मुलाला चालू न देता तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कोणत्या केंद्रात न्यावयाचे व वाहन कोणाचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

ज्या मुलाचे घरचे कोणी आले नसेल त्याला निघतानाच एखाद्या शेजारणीच्या हाती सोपवावे. ‘तुझी आई का आली नाही’ असे सर्वांसमक्ष विचारू नये. दुसऱ्या दिवशी वर्गात आणलेल्या वस्तू मांडताना प्रत्येक पानाखाली त्याचे नाव आणि ते सांगणाऱ्याचा उल्लेख लिहावा : अमक्याच्या आजीने सांगितले, तमकीच्या वडिलांनी सांगितले. पहिलीतील मुलांना वाचनाचा हा पाठ फार लवकर येतो.

मराठवाडा, अहमदनगर (२०२४ पासूनचे अहिल्यानगर) इत्यादी भागांत ज्या गावांतून कुटुंबे ऊसतोडीस जातात, तेथे वर्षाची पहिली फेरी दसऱ्याच्या आतच उरकावी. त्यानंतर आईबाप वैशाखाच्या सुमारास परततात. मधल्या काळात गावी राहिलेली मुले आजीआजोबांजवळ असतात. त्यांच्याकरिता पौषात एक लहानशी फेरी पुन्हा काढावी व तिचे बोलावणे आजीला धाडावे. तिला फार चालवत नसेल तर त्या दिवशी शाळेच्या आवाराबाहेरच्या बांधापर्यंत गेले तरी चालेल.