पेन्सिलीचं शिसं ब्रेकमध्ये!

मुलांनो, पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटांवर चोळून पाहा. कशी गुळगुळीत लागते! ते खरं शिसं नव्हेच. ते माती मिसळलेलं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार. त्याचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. आणि हेच ग्रॅफाइट मोटारीच्या ब्रेक-पॅडमध्ये घालतात! थांबवायच्या जागी घसरणारी वस्तू कशाला? अरे, नुसतं खरखरीत पॅड चाकाच्या तबकडीला एकदम चावेल, किंचाळेल आणि भराभर झिजेल. ग्रॅफाइटमुळे पकड एकसारखी राहते.

पण कसारा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर पॅड फार तापतं, त्यातलं चिकट रेझिन जळू लागतं आणि पकड सुटते. म्हणून जाणता ड्रायव्हर आधीच खालचा गिअर टाकतो. १९७६ पासून प्रवासी नेणाऱ्या काँकॉर्ड विमानाच्या ब्रेकच्या तबकड्या मात्र कार्बनच्याच होत्या. त्या भयंकर तापल्या, तरी पकड सोडत नसत.