नवं ऑटोकॅड, जुनी लिस्प: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑटोकॅडची नवी आवृत्ती आली की ऑफिसात पहिली ओरड जुन्या लिस्पबद्दल होते. दारं-खिडक्यांचं कोष्टक भरणारी, क्षेत्रफळं मांडणारी फाइल अचानक अडते आणि कोणीतरी म्हणतं, ‘जुनी झाली, नव्याने लिहून घ्या.’ ही घाई करू नका. ऑटोलिस्प ही या लिस्प फाइलींची भाषा 1986पासून आहे आणि नव्वदच्या दशकातल्या कितीतरी फाइली आजही चालतात. बदलतं ते बहुधा त्यांच्या भोवतीचं.

‘लोड होत नाही, म्हणजे फाइलच बिघडली.’ बहुतेकदा तसं नसतं. 2014च्या आवृत्तीपासून सेक्युअरलोड ही सेटिंग आली. विश्वसनीय म्हणून न नोंदवलेल्या फोल्डरमधली फाइल उघडताना ती इशारा देते. तिचं मूल्य 2 असेल तर लोडच करू देत नाही. ऑप्शन्समधल्या फाइल्स टॅबवर आपलं फोल्डर सपोर्ट पाथ आणि ट्रस्टेड लोकेशन्स या दोन्हींत घाला. काही जण कटकट नको म्हणून सेक्युअरलोड शून्यावर नेतात. हे मात्र मुळीच करू नये. 2012मध्ये पेरूत पसरलेला मेड्रे हा किडा ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला होता आणि लोकांची ड्रॉइंगं ईमेलने परस्पर बाहेर पाठवत होता.

‘एरर आली, म्हणजे कोड चुकला.’ एरर आधी नीट वाचा. ‘नो फंक्शन डेफिनिशन’ दिसलं तर सोबतची एखादी मदतनीस फाइल लोड झालेली नसते, किंवा व्हीएल-लोड-कॉम ही ओळ राहून गेलेली असते. कमांड मधेच अडली तर तीच कमांड हाताने चालवून तिचे प्रश्न त्याच क्रमाने येतात का पाहा. 2021पासून ट्रिम मुळातच झटपट पद्धतीने चालते, त्यामुळे जुन्या लिस्पची उत्तरं भलत्याच प्रश्नाला जातात. ट्रिमएक्स्टेंडमोड ही सेटिंग शून्य केली की जुना क्रम परत येतो. 2015पासून एरर हँडलरच्या आत नेहमीचं कमांड फंक्शन थेट चालत नाही. तिथे कमांड-एस लागतं.

मराठी मजकूर हाताळणाऱ्या लिस्पकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. 2021मध्ये ऑटोलिस्पला युनिकोडचा पूर्ण आधार मिळाला. देवनागरी शब्दाची लांबी आता वेगळी मोजली जाऊ शकते आणि अक्षरं मोजून मजकूर कापणारा कोड चुकीच्या जागी कापतो. लिस्पसिस ही सेटिंग शून्य करा, ऑटोकॅड बंद करून पुन्हा उघडा आणि तपासा. मग चाललं, तर दोष कुठे आहे ते कळलं.

ऑटोकॅड एलटीत लिस्प चालत नाही, हे 2024पासून खरं राहिलेलं नाही.

‘लिस्प चालली, म्हणजे बाकीचंही चालेल’ हा समज मात्र खरोखर अडचणीत आणतो. व्हीबीए 2010पासून वेगळं उतरवून घ्यावं लागतं. 2025ची आवृत्ती डॉट नेट 8वर गेल्याने त्याआधीचे डॉट नेट प्लगिन पुन्हा बांधून घ्यावे लागू शकतात, आणि त्यासाठी मूळ कोड हाताशी लागतो. बाहेरून काम करून घेतानाच तो मागून ठेवा.