खुर्ची नमाजपुरती

रमजानमध्ये इशाच्या अजाननंतर शहरातल्या कुठल्याही मशिदीत डोकावलं, तर सफेच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग दिसते. पूर्वी तिथे एखाद-दुसरी खुर्ची असे. आता जागा मिळवायला लवकर यावं लागतं. कीर्तनाच्या मंडपात आणि लग्नाच्या हॉलमध्येही हेच चित्र आहे. पंगत जाऊन बुफे आला, त्यात केटररच्या सोयीइतकाच वाटा आपल्या गुडघ्यांचा असावा.

यातल्या एका खुर्चीवर गेले दोन रमजान एक निवृत्त एसटी चालक बसत होते. मोहल्ल्यात सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय बासष्ट. तीस वर्षं क्लच दाबून डावा गुडघा गेला, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी वय आणि वजन हीही कारणं सांगितली. नोकरीत असताना पहाटेची ड्युटी नसली की ते डेपोमागच्या मैदानावर पळायला जात. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट कमी झालेली दिसली, आणि घरापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांनी एकच सल्ला दिला, ‘वाटी घासली, आता जपा.’

चाचांनी जपलं. आधी पळणं सुटलं, मग फिरणं, मग बाजारात जाणं. दोन वर्षांत वजन नऊ किलोंनी वाढलं. दुखणं होतं तिथेच राहिलं. वरच्या मजल्यावरच्या भावाकडे ईदच्या शीरखुर्म्यालाही जाणं झालं नाही, वाटी खाली आली.

गुडघा म्हणजे यंत्र, अशी आपली समजूत आहे. ‘वंगण संपलं’, ‘ग्रीस आटलं’ हे शब्द तिथूनच आले. यंत्र जितकं वापराल तितकं झिजतं, तेव्हा कमी वापरा, असा तो हिशेब. पण गुडघा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की सैलावते, आणि भिजलेल्या स्पंजासारखा हा द्रव आत-बाहेर होतो. गुडघा हललाच नाही तर कूर्चा उपाशी राहते, आणि या उपवासाला इफ्तार नसतो. शिवाय मांडीचे स्नायू रोडावतात आणि त्यांनी पेलायचा भार थेट सांध्यावर येतो.

मग पळण्याचं काय? पळणाऱ्यांचे गुडघे लवकर जातात, हे तर सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहण्यात आली. हौशीने पळणाऱ्यांत खुबा किंवा गुडघ्याचा संधिवात सुमारे 3.5 टक्के आढळला, तर बैठं जीवन जगणाऱ्यांत 10.2 टक्के. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत मात्र तो 13.3 टक्के होता. म्हणजे अतिरेकही नडतो. ज्यांचा गुडघा मुळात धड असतो तेच पळत राहतात, हेही या तुलनेत धरायला हवं. पण 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या लोकांचीच चार वर्षं पाहणी झाली. आपल्याला झेपेल तसं पळणाऱ्यांचं दुखणं न पळणाऱ्यांपेक्षा वाढलं नव्हतं आणि एक्स-रेमध्येही झीज जास्त दिसली नव्हती. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात या आजारावर व्यायाम हाच मुख्य उपचार सांगितला आहे. सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल, पण नियम सोडू नका, हेही रुग्णाला सांगावं, असं त्यात म्हटलं आहे. नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते. दुसऱ्या दिवशी गुडघा ठणकला की माणूस घाबरून व्यायाम सोडतो.

चाचांना ती एका तरुण फिजिओथेरपिस्टने सांगितली, त्यांच्याच भाषेत. "चाचा, गाडी दोन वर्षं डेपोत उभी ठेवली तर सेल्फ लागेल का?"

"कुठला लागतो! बॅटरी बसते, टायर बसतात."

"मग?"

तिने दिलेला पहिला व्यायाम खुर्चीचाच होता. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं, पुन्हा सावकाश बसायचं. दहा वेळा. चाचांना आधी हसू आलं आणि पाचव्या खेपेला घाम.

आता तरावीहचा हिशेब पाहा. बहुतेक मशिदींत तरावीहच्या वीस रकात होतात, काही ठिकाणी आठ. प्रत्येक रकातीत उभं राहणं, वाकणं आणि दोन सजदे असतात. ज्याला जमिनीवर बसता येत नाही त्याला खुर्चीची सवलत धर्मानेच दिली आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण अनेक जण पहिल्या तकबीरपासून सलामपर्यंत बसूनच राहतात. उभं राहता येत असेल तर उभं राहावं आणि सजद्यापुरतं बसावं, असं बरेच आलिम सांगतात. याबाबत मतभेद आहेत, तेव्हा आपल्या इमामसाहेबांना विचारलेलं बरं. चाचांनी विचारलं. यंदा ते उभे राहतात, सजद्याला खुर्चीवर बसतात आणि पुन्हा उठतात. वीस रकातींत वीसेक वेळा. फिजिओथेरपिस्टने दिला होता त्याच्या दुप्पट व्यायाम.

वजनाचं गणितही रमजानमध्येच बिघडतं. उत्तर कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं, की शरीराचं एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. आणि दिवसभर उपाशी राहूनही महिन्याअखेर वजन वाढवण्याची करामत आपल्या दस्तरख्वानाला चांगली जमते. भजी, समोसे, त्यावर सरबत. एकादशीच्या साबुदाणा खिचडीचे भक्त हे समजून घेतील.

चाचा पुन्हा पळायला लागले, पण सहा महिन्यांनी. आधी सपाट रस्त्यावर चालणं, मग एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं. त्यांचा ठोकताळा साधा आहे. पळताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणं पूर्वीइतकं खाली आलं नाही, तर पुढची फेरी कमी. रोजात ते पळत नाहीत. इफ्तारआधी अर्धा तास रमतगमत चालतात, कारण पाणी जवळ आलेलं असतं. पळणं आठवड्यातून दोनदा, इफ्तारनंतर दोनेक तासांनी. त्या दिवशी तरावीह घरी पढतात. मधुमेह असलेल्यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सहरीला दुखण्याची गोळी घेऊन दिवस काढण्याची सवयही वाईट. पोटात पाणी नसताना या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड दोघांनाही त्रास देऊ शकतात.

प्रत्येकाने पळावंच, असं नाही. गुडघा सुजलेला, गरम झालेला, मध्येच अडकणारा किंवा दगा देणारा असेल तर आधी डॉक्टर. झीज फार पुढे गेली असेल तर सायकल किंवा पोहणं बरं, आणि वेळ आल्यावर शस्त्रक्रियेलाही नाही म्हणू नये. चाचांबरोबर सकाळी फिरणारे एक निवृत्त तलाठी कधीच पळत नाहीत. ते दरवर्षी वारीला जातात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, गुडघ्याला पट्टा बांधून.

ईदगाह शहराबाहेर आहे. गेली दोन वर्षं चाचा तिथे रिक्षाने गेले. नमाजला एका वाटेने जावं आणि दुसऱ्या वाटेने परतावं, अशी रीत आहे. परतीची वाट चढाची आहे. यंदा त्यांनी रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलंय, येऊ नको म्हणून. नातू बरोबर असेल. त्याला दमला तर उचलून घेणार नाही, हेही सांगून झालंय.