सीता-अशोक : ओळख व लागवड

अशोकारिष्टाविना स्त्रीरोगचिकित्सेची कल्पना आपल्यापैकी कोणासही करवणार नाही. परंतु त्यासाठी आपण विकत घेतो ती साल अशोकाचीच असते काय? काही वर्षांपूर्वी व्यापाऱ्याकडून आलेले एक पोते आम्ही उघडून तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक साल अन्य वृक्षाची निघाली. त्यापूर्वीची पोती आम्ही न तपासताच वापरली होती, हेही प्रांजळपणे नमूद करतो. रक्तप्रदराच्या ज्या रुग्णांना त्या काळात उपशय मिळाला नाही, त्यांचा दोष आम्ही पथ्याला दिला होता.

नामसाम्याचा घोटाळा : बंगल्यांच्या कुंपणालगत सरळ उंच वाढणारा, लोंबत्या पानांचा वृक्ष लोकव्यवहारात ‘अशोक’ म्हणून ओळखला जातो. तो सीताफळाच्या कुळातील होय. त्याचे जुने शास्त्रीय नाव पॉलिअ‍ॅल्थिया लाँगिफोलिया. आता मोनून लाँगिफोलियम. त्याची पाने साधी व नागमोडी कडांची, फुले हिरवट असतात. शास्त्रोक्त अशोक म्हणजे शिंबी कुलातील सराका असोका. जुन्या पुस्तकांत आढळणारे सराका इंडिका हे नाव आता आग्नेय आशियातील निराळ्या जातीस दिले जाते.

स्वरूप : हा मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष सह्याद्रीत ओढ्याकाठी, दाट सावलीत आढळतो. पाने संयुक्त, पर्णिकांच्या साधारणतः तीन ते सहा जोड्या. कोवळी पालवी ताम्रवर्णी व लोंबती असते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नारिंगी फुलांचे गुच्छ येतात व पुढे लाल होतात. या फुलांना पाकळ्या नसतात; रंग असतो तो निदलांचा. शेंगा चपट्या व चिवट असतात.

सालीची परीक्षा : खरी साल बाहेरून करड्या-हिरवट ते गडद रंगाची, गोल वातरंध्रांच्या खुणा असलेली, आतून तांबूस-तपकिरी, उभ्या तंतुमय रेषांची असते. मोडल्यास तुकडा धसकटासारखा तुटतो आणि बाह्य थराखाली पांढरट पातळ पट्टा सलग दिसतो. रस कषाय-तिक्त, वीर्य शीत, विपाक कटु. चक्रदत्ताने असृग्दरात सांगितलेला क्षीरपाक याच सालीचा. शंका राहिल्यास सूक्ष्मदर्शकीय परीक्षण करून घ्यावे.

लागवड : बी पावसाळ्याच्या सुमारास पिकते. ते वाळवून साठविल्यास उगवण क्षमता झपाट्याने घटते. म्हणून ताजे बी बारा तास पाण्यात भिजवून लगेच पिशवीत पेरावे. पुढील पावसाळ्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यांत, शेणखत घालून, रोपे लावावीत. पाण्याचा निचरा होणारी परंतु ओल धरणारी जमीन उत्तम. पहिली काही वर्षे अर्धवट सावली व उन्हाळ्यात पाणी अत्यावश्यक. नारळ-सुपारीच्या बागेत ही सोय आयतीच मिळते.

साल किमान दहा वर्षांनंतरच काढावी. खोडाभोवती गोल सोलल्यास वृक्ष मरतो. उभ्या पट्ट्या काढून तेवढीच रुंदी मध्ये शाबूत ठेवल्यास जखम भरून येते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने ही जाती 1998 मध्येच ‘असुरक्षित’ वर्गात नोंदविली. वनांतून साल ओरबाडणे आणि बाजारातून भेसळ विकत घेणे, या दोन्ही वाटा आपण सोडल्या पाहिजेत. औषधालयमालकांनी प्रत्येक पोते उघडून पाहावे, तसेच ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी येत्या पावसाळ्यात रोपे लावावीत. आम्ही दहा लावली आहेत. त्यांची साल बहुधा आमच्या मुलांच्या हाती लागेल.