दातांवरचे डाग आणि हापशीचे पाणी

मुलांनो, परिपाठाच्या वेळी मी तुमचे दात तपासतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मागे एका मुलीला मी रांगेतून बाहेर काढलं. तिच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे होते. "दात घासत नाहीस, की खर्रा खातेस?" असं सगळ्यांसमोर बोललो. ती म्हणाली, "गुरुजी, रोज दोनदा घासते." मला ते खोटं वाटलं. त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर हात धरू लागली. चूक माझी होती. ते डाग मळाचे नव्हते, फ्लोराइडचे होते.

आता तुम्ही म्हणाल, फ्लोराइड तर टूथपेस्टमध्ये असतं! बरोबर आहे. आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात. ते आम्ल दाताच्या वरच्या चकचकीत कवचातला कॅल्शियम झिजवतं. लाळेत थोडं फ्लोराइड असलं तर झिजलेली जागा पुन्हा भरायला मदत होते, आणि ती आम्लाला जास्त टक्कर देते. भिंतीचा पोपडा निघाल्याबरोबर लिंपला तर भिंत टिकते ना, तसंच. पेस्ट मात्र थुंकायची, गिळायची नाही. लहानग्यांना वाटाण्याएवढी पुरे.

हे कळलं कसं, त्याचीही गंमत आहे. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी गेले. तिथे पुष्कळ लोकांचे दात तपकिरी, पण किडलेले मात्र कमी! कारण पाण्यात आहे हा त्यांचा संशय खरा ठरला 1931 साली, चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञांनी पाण्यात फ्लोराइड शोधलं तेव्हा. त्यांना तीस वर्षं लागली. मी तीस सेकंदांत निकाल दिला होता!

पुढे 1945 मध्ये तिथल्याच ग्रँड रॅपिड्स शहरात नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडं फ्लोराइड घालू लागले. आपल्याकडे उलटी तऱ्हा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत खडकातूनच ते पाण्यात जास्त उतरतं, खोल बोअरच्या पाण्यात तर बहुधा अधिक. आपल्या देशाचं प्रमाण लिटरला 1 मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघा एक ग्रॅम! दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेलं, तर हिरडीत घडणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडतात. ते घासून जात नाहीत. बरीच वर्षं फारच जास्त गेलं तर हाडं दुखतात, कंबर ताठरते.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं नि ते दाट होतं. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना मोजून घालून ते खाली बसवण्याची रीत काढली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. घरी अंदाजाने मात्र करू नका.

परिपाठातच मी त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिचा धाकटा भाऊ अंगणवाडीत आहे. त्याचे पक्के दात अजून हिरडीतच घडताहेत. त्याच्यासाठी आता शाळेमागच्या विहिरीचं, तपासून घेतलेलं पाणी जातं. हापशीवर ती भांडी घासते.