डब्यातली हिरवी कॅप्सूल

२००० सालच्या आसपास आमच्या लोकलच्या ग्रुपमधल्या चौघींची पाळी मागेपुढे गेली. कल्याणची मैत्रीण खिडकी धरून यायची, आम्ही दोघी डोंबिवलीला चढायचो, ठाण्याची चौथ्या सीटवर टेकायची. मटार सोलता सोलता तक्रारी निघायच्या. अंगातून वाफा येतात, झोप नाही, धडधडतं. त्यावर कल्याणकरणीचं औषध ठरलेलं: ‘ई घे गं, हार्टला चांगली.’ आणि पर्समधून हिरव्या कॅप्सूलची पट्टी फिरायची.

सल्ला अगदीच हवेतला नव्हता. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ८७ हजारांवर नर्सेसच्या पाहणीत, दोन वर्षांहून जास्त ‘ई’ घेणाऱ्या बायकांना हृदयविकार सुमारे ४० टक्के कमी दिसला होता. चरबी रक्तवाहिनीत ‘गंजते’ आणि ‘ई’ तो गंज रोखतं, ही कल्पनाही पटण्यासारखी होती. पण गोम त्या बायकांतच होती. आपल्याकडे तरी पदरचे पैसे घालून रोज व्हिटॅमिन घेणारी कोण असते? जी सकाळी चालायला जाते, तेल मोजून घालते, तीच. मग गुण गोळीचा की चालण्याचा, हे नुसत्या पाहणीतून कसं कळणार?

त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून निम्म्यांना खरी, निम्म्यांना खोटी गोळी द्यावी लागते. २००२ च्या नोव्हेंबरात तशा एका चाचणीचा निकाल आला. पाळी गेलेल्या आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या ४२३ बायकांना ‘ई’ आणि ‘सी’ भरपूर देऊन पाहिलं. फायदा शून्य, उलट व्हिटॅमिनवाल्या गटात मृत्यू जास्त. संख्या लहान, म्हणून कोणी ठाम बोललं नाही. २००५ मध्ये मात्र ३९,८७६ निरोगी बायकांचा दहा वर्षांचा हिशेब आला, आणि हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात टाळण्यात ‘ई’चा ठोस उपयोग दिसला नाही.

आमच्या डब्यात यातलं काहीच पोचलं नाही. पोचलं ते दुसरंच: २००२ च्या जुलैत हार्मोनच्या गोळ्यांची मोठी चाचणी मध्येच थांबवल्याची बातमी. हार्मोन वाईट, मग व्हिटॅमिन बरं, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढला.

मग कॅल्शियम आलं, मग ६०,००० युनिटांचं ‘डी’चं पाकीट, रविवारी दुधातून. त्याची गरज खोटी नव्हती. सकाळी धावत गाडी आणि परतताना अंधार. ऊन लागणार कधी? तपासून कमतरता निघाली तर ‘डी’ घ्यावंच, शाकाहारी घरात बी-१२ सुद्धा. पण ‘डी’ने हार्ट अ‍ॅटॅक टळत नाहीत, हे २०१८ मध्ये २५,८७१ जणांच्या चाचणीत दिसलं. आणि आठ आठवड्यांसाठी लिहिलेलं पाकीट वर्षभर चालू ठेवणाऱ्या आमच्यात होत्याच. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून बसू शकतं, हे मेडिकलवाला कशाला सांगेल?

२०१४ च्या पावसाळ्यात ठाण्याच्या मैत्रिणीचा जबडा आणि पाठ दुखायला लागली. दम लागत होता, घाम फुटला होता. ‘पित्त झालंय,’ म्हणत तिने दुपार काढली. संध्याकाळी अँजिओप्लास्टी. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, वाईट कोलेस्टेरॉल चढतं, हे डॉक्टरांनी तिला तेव्हा समजावलं. तिच्या पर्समध्ये तीन प्रकारच्या गोळ्या निघाल्या, एकही वार न चुकवता घेतलेल्या. बी.पी. शेवटचं कधी मोजलं होतं, ते मात्र तिला आठवेना. आम्हालाही स्वतःचं आठवेना. पंधरा वर्षांच्या त्या गप्पांत आकडा कधी निघालाच नव्हता, गोळ्यांची नावं तेवढी निघायची.

आता ती बी.पी.ची आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेते, तलावपाळीला दोन फेऱ्या मारते. कल्याणची अजूनही हिरवी पट्टी आणते. सुईने टोचून खोबरेल तेलात मिसळते आणि रात्री टाचांना लावते.